गावाकडचे दमेकरी

माझ्या नवऱ्याने मला चांगला दीड महिना तोंडाने फुस्स करून फसवलं. डॉक्टरने बजावलं होतं, दम्याचा पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटलं तरी चुकवायचा नाही. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे, पंप ओठांना लावायचे, फुस्स, फुस्स, आणि पंप खिशात. मी चहा गाळता गाळता कान देऊन ऐकायची. एके दिवशी कप हातात द्यायला जवळ गेले, तर पंपाचं झाकण तसंच लावलेलं. झाकण लावून फुस्स! आवाज ह्यांच्या तोंडातला.

"अहो, हे काय करून राहिलात?"

"वाचवतोय," ते म्हणाले. "लगेच संपतो तो."

मला आधी हसू आलं, आणि मग असा राग आला की चहाचा कप मी खिडकीतच आपटला. रात्री हे अंथरुणात उठून बसून श्वास का घेतात, डॉक्टरच्या औषधाने फरक का पडत नाही, ते आता कळलं. औषध पोटात नाही, छातीत नाही, झाकणाखाली बसलेलं.

मिल चालू होती तोवर औषधाची काळजी नव्हती. मिलच्या कार्डावर दवाखान्यातून मिळायचं. ह्यांनी अख्खी जवानी कार्ड खात्यात काढली, म्हणजे जिथे मशिनवर कापूस विंचरतात तिथे. घरी यायचे तर भुवयांवर रुई, कानांवर रुई. तीच छातीत जाऊन बसली. पण खात्यात कोणी खोकलं की जॉबर, म्हणजे तिथला मुकादम, लगेच हटकायचा. "तबियत ठीक नसेल तर उद्या येऊ नको," म्हणायचा. म्हणून सगळे खोकला गिळायला शिकले. मग मिलला कुलूप लागलं, कार्ड गेलं, हिशेबाचे पैसे अडकले. दमा तेवढा राहिला.

आणि पंपाची किंमत? आमचा आठवड्याचा किराणा त्यात येत होता. इकडे इंदूरात राजवाड्यावर दुकानादुकानांत नवे रंगीत टीव्ही लागलेले, जो तो म्हणायचा देश खुला होऊन राहिला आहे. होऊ दे ना बाबा, माझ्या नवऱ्याची छाती कधी मोकळी होणार तेवढं सांगा.

मी गप्प बसणारी बाई नाही. राजवाड्याजवळच्या औषधवाल्याला गाठलं. "भिया, इसमें सस्ता कुछ नहीं आता क्या?" तो म्हणाला, "आता है भाभी. दवा वोई, कंपनी दूसरी. पर डॉक्टर लिखे तो दूँ." मी तशीच डॉक्टरकडे. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ये कंपनी अच्छी है." मी म्हटलं, "डॉक्टरसाब, अच्छी तो हमारी मिल भी थी." त्यांनी चिठ्ठी बदलून दिली.

औषधांच्या ठोक बाजारात तोच पंप आणखी स्वस्त होता. पण तिथला दुकानदार मान हलवायला लागला. "एक-एक नहीं देते. पूरा डिब्बा लो, और हर पंप की अलग पर्ची लाओ." म्हणजे प्रत्येक पंपामागे डॉक्टरची एक चिठ्ठी, एक पेशंट, नावानिशी. आता डबाभर दमेकरी मी कुठून आणू?

त्यात ह्यांनी मला शपथ घातलेली. पिथमपूरकडे एका नव्या कारखान्यात पहारेकऱ्याची जागा होती, ठेकेदाराशी बोलणं झालं होतं. तिथे धडधाकट माणूस पाहिजे होता. "दम्याचं नाव गल्लीत काढलंस तर बघ," असं मला चक्क दरडावलं होतं.

त्या महिन्याची भिशी आमच्याच घरी होती. सगळ्या मिलवाल्यांच्या बायका. पोहे झाले, चिठ्ठी निघाली, आणि मी शपथ सांभाळून विषय काढला. "बेटम्याला माझा भाऊ आहे ना, त्याला दमा आहे. पंप स्वस्तात मिळून राहिले आहेत, पण डबाभर घ्यावे लागतात. तुमच्यात आहे का कोणी?"

सगळ्या आपापल्या प्लेटीत बघायला लागल्या. मग एकीचे देवासचे मामा निघाले. दुसरीचे गावाकडचे सासरे. तिसरीचा आतेभाऊ. जॉबरची बायको म्हणाली, "आमचे एक लांबचे काका आहेत." बघता बघता डबा भरला! इंदूरच्या एकाही घरात दमा नाही, सगळा दमा म्हणे गावाकडे, जिथे झाडं आहेत, मोकळी हवा आहे.

"पण डॉक्टरला दाखवावं लागेल हं," मी म्हटलं. "पर्चीवर नाव लागतं."

झालं, सबबी सुरू झाल्या. मामांना बस लागते, सासऱ्यांचे गुडघे दुखतात, आतेभावाची सोयाबीनची कापणी आहे. मी ऐकत होते आणि माझं डोकं फिरत चाललं होतं. कोणाला घाबरून राहिलो आहोत आम्ही? ज्या मिलला कुलूप आहे तिला?

"चुलीत गेला माझा भाऊ," मी म्हणाले. "तो ठणठणीत आहे. दमा माझ्या नवऱ्याला आहे. पंप संपेल म्हणून खोटं खोटं ओढतो तो माणूस. आता बोला!"

कोपऱ्यातली सगळ्यात लहान सून एकदम रडायला लागली. "आमचे तर डॉक्टरकडेच जात नाहीत. सर्दी आहे म्हणतात, दोन वर्षांपासून." मग मामा गेले, सासरे गेले, आतेभाऊ गेला. सगळे नवरेच होते. सगळे कार्ड खात्यातले. एकमेकांना खेटून उभे राहत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्या एकट्यालाच. फक्त जॉबरची बायको उठली, पदर सावरून म्हणाली, "आमच्याकडे असलं काही नाही. काकांचं मी कळवते."

असली गोष्ट पोटात राहते थोडीच? ठेकेदारापर्यंत गेली. हे घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "झालं समाधान? जागा दुसऱ्याला दिली."

"गेली तर गेली," मी म्हटलं. "नोकरीवर जायला आधी माणूस जिवंत लागतो."

तेव्हापासून ह्यांनी बोलणं टाकलं. पंपही कपाटात ठेवून दिला, मला शिक्षा म्हणून. शिक्षा मला आणि घुसमट ह्यांची! सासरची माणसं येऊन मला सुनावून गेली की घरची गोष्ट चव्हाट्यावर नेली. नेली. पुन्हा नेईन. पश्चात्ताप व्हायला हवा असं आजही लोक सांगतात. मला झाला नाही.

एकेकीने नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं, चिठ्ठ्या गोळा झाल्या; काकांची तेवढी मागाहून देते म्हणून दुकानदाराला पटवलं, आणि डबा आला. मी एकच अट घातली. ज्याचा पंप त्याने स्वतः न्यायला यायचं, बायकोला पाठवायचं नाही. बायकांनी गलका केला. मी म्हटलं, मग घ्या बाजारातून पूर्ण किमतीत.

रविवारी दुपारी एकेक जण आला. ओट्यावर आधीचा बसलेला दिसला की नवा आलेला जरा थबकायचा, मग शेजारी टेकायचा. हे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. सगळ्यात शेवटी जॉबर आला. हातात पर्ची होती, तिच्यावर नाव त्याचंच.

"काकांसाठी..." म्हणाला, आणि पुढे खोकल्याने बोलूच दिलं नाही. ओटा धरून वाकला. छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. ज्यांना त्याने खोकल्यावरून घरी धाडलं होतं, तेच समोर बसले होते. कोणी हललं नाही.

आतून हे आले. हातात कपाटातला पंप. मला वाटलं, आता हिशेब चुकता करणार.

"जॉबरसाब, इकडे बघा," ते म्हणाले. "हलवायचा. श्वास सगळा सोडून द्यायचा. दाबता दाबता ओढायचा, आणि मग थांबायचं." आणि सगळ्यांसमोर, भर ओट्यावर, त्यांनी दोनदा औषध ओढलं. डोळे मिटून, पूर्ण.

जॉबरने करून बघितलं. अर्धं औषध तोंडाबाहेर गेलं. "चलेगा, फिर से," हे म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग बाकीच्यांनी आपापली खोकी फोडली.

तेव्हा ते माझ्याकडे वळले. "अगं, पाणी आण सगळ्यांना. नंतर चूळ भरायची असते, नाहीतर तोंड येतं."

मी तांब्या नाही, हंडाच उचलून बाहेर आणला. आणि भर दुपारी, गल्लीतून येणारेजाणारे बघत असताना, कार्ड खात्यातली ती सगळी माणसं नालीच्या कडेला ओळीने उभी राहून खळाखळा चुळा भरत होती.