दुभाष्यातला ‘दु’

कुणी काही बोललं, की हरसिंगभाऊ आधी डोळे मिटायचे. वाक्य आत कुठंतरी मुरायचं, आणि डोळे उघडले की दुसऱ्या भाषेत बाहेर यायचं. पांढरकवड्याजवळच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं बंजारा तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायका येतात. त्यांना धड फक्त गोरबोली येते. त्यांचं दुखणं डॉक्टरांना मराठीत सांगायचं, हे भाऊंचं काम.

“पदरचं मीठ टाकत नाही मी,” असं ते नेहमी म्हणत. एकदा डॉक्टर एका आजीवर खेकसले. भाऊही तिच्यावर तसेच खेकसले. तिनं उलट काहीतरी सुनावलं. भाऊ डोळे उघडून शांतपणे म्हणाले, “साहेब, हे तुमाले गधा म्हनते.”

मग त्यांना बिल्ला मिळाला: ‘दुभाष्या’. दुसऱ्याच दिवशी ते माझ्यापुढं उभे.

“सिस्टर, तांड्यातले पोट्टे हासून राह्यले मले. दुभाष्या म्हंजे दुतोंड्या म्हनतात.”

“नाही हो भाऊ. दु म्हणजे दोन. दोन भाषा जाणणारा, तो दुभाष्या.”

“मंग दुकाळ म्हंजे दोन काळ काय?”

मी गडबडले. “तो दु वेगळा. त्याचा अर्थ वाईट.”

“मंग माह्या बिल्ल्यावरचा कोन्ता, हे लोकायले कसं समजन?”



त्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या आईला, याडीला, आणलं. साखरेनं पाय काळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, “पाय कापावा लागेल. नाहीतर जगणार नाहीत.”

भाऊंचे डोळे बराच वेळ मिटलेले राहिले. मग ते आईच्या कानाशी वाकून बोलले. तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि हळूच काहीतरी म्हणाली.

“नाही म्हनते,” भाऊ म्हणाले. “घरी ने म्हनते.”

डॉक्टरांनी पुन्हा विचारायला लावलं. याडीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. भाऊ तिला घेऊन गेले. आठवडाभरात ती गेली.

नंतर ते दवाखान्यात आलेच नाहीत. परवा बसस्टँडवर दिसले, तेव्हा मीच हाक मारली. ते जवळ आले.

“सिस्टर, याडी नुसतं ‘घरी ने’ म्हनली होती. ‘नाही’ तं म्हनलीच नव्हती. ऑपरेशन झाल्यावर ने, असं तं म्हनत नसन ते? तुमी तं तथीच होत्या. तुमाले काय वाटलं?”

मी तिथंच होते. तिचा शब्द न् शब्द ऐकला होता. पण मला गोरबोली येत नाही.