कारण सांगा

टीव्हीवरचा परीक्षक बोलायला तोंड उघडायचा आणि मावशींचा उजवा हात वर जायचा. सिग्नल बंद पडल्यावर ट्रॅफिकचा पोलीस धरतो तसा पंजा थेट पडद्याकडे. "थांबा," त्या म्हणायच्या, "आधी कारण सांगा."

परीक्षक अर्थातच थांबायचा नाही. "मज़ा नहीं आया," असं काहीतरी म्हणून तो बिचाऱ्या स्पर्धकाला घरी पाठवायचा. मग मावशी आमच्याकडे वळायच्या. "मजा ह्याला आली नाही. त्यात त्या मुलाचा काय दोष?"

तुम्हीही असे कार्यक्रम पाहिले असतील. तरुण डिझायनर, समोर शिवणयंत्रं, भिंतीवर घड्याळ. दर आठवड्याला एखादी चमत्कारिक फर्माईश, मग रॅम्प, आणि शेवटी परीक्षक मिळून कोणाला तरी निरोप देतात. आपण सोफ्यावर बसून म्हणतो, "अरे, ह्याला का काढलं?" आणि चॅनल बदलतो. मावशी चॅनल बदलू द्यायच्या नाहीत. त्यांच्या मते तो प्रश्न विचारून झाला होता आणि उत्तर यायचं होतं.

माझा नवरा रेल्वेत इंजिनिअर. बदली होऊन आम्ही लखनौला आलो आणि महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथळा बाजारापासून जवळ, एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खालच्या मजल्यावर मावशी एकट्या राहायच्या, त्याही भाड्यानेच. मूळच्या सांगलीच्या. केंद्र सरकारच्या नोकरीत असताना इथे आल्या, निवृत्त झाल्या आणि परत गेल्याच नाहीत. लग्न केलेलं नव्हतं.

पहिल्यांदा वर आल्या त्या भांडायला. आमची पाण्याची टाकी वाहत होती आणि त्यांच्या अंगणात तळं झालं होतं. दार माझ्या मुलीने, रेवाने उघडलं. आत टीव्हीवर तो कार्यक्रम चालू होता. त्या दिवशी स्पर्धकांना केळीच्या पानांचा पोशाख करायचा होता. मावशी टाकीबद्दल अर्धं वाक्य बोलल्या आणि दारातच थबकल्या. चपला पायात, हात चौकटीला टेकलेला. संपूर्ण भाग त्यांनी तसाच उभ्याने पाहिला. मी दोनदा बसा म्हटलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

शेवटी म्हणाल्या, "केळीच्या पानावर जेवतात. नेसतात का कोणी? कापड द्या, मग बघा मुलाचा हात कसा आहे ते."

मग टाकीचं आठवलं. "आणि मोटर बंद करत जा गं."

तेव्हापासून त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला बटणसुद्धा लावता येत नव्हतं. लखनौच्या थंडीत त्या एक तपकिरी स्वेटर घालायच्या, त्याच्या कोपराला भोक होतं, आणि तो स्वेटर घालूनच त्या पडद्यावरच्या रेशमी गाउनवर मत द्यायच्या. रेवा एकदा म्हणालीच, "मावशी, आपका स्वेटर तो पहले राउंड में बाहर हो जाएगा।" मावशी खळखळून हसल्या. "होऊ दे. पण का, ते तू सांगितलंस. भोक आहे म्हणून. हे मला मान्य."

त्यांचा राग कपड्यांवर नसायचा, निवाड्यावर असायचा. दोघांनी मिळून करायचं काम देतात आणि बिघडलं की एकालाच घालवतात, हे त्यांना खुपायचं. एका दिवसात सगळा पोशाख मागतात, ह्यावर म्हणायच्या, "लखनौमधला असा एक मास्टरजी दाखवा जो एका दिवसात ब्लाउज देतो." एका परीक्षिका बाईंनी म्हटलं, हा ड्रेस माझ्याशी बोलत नाही. मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. "ड्रेसने का बोलायचं? बोलायला तुम्हाला बसवलंय ना?"

आणि स्पर्धक खरोखरच निघाला, आपली कात्री पिशवीत टाकून सगळ्यांना मिठ्या मारू लागला, की मावशी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायच्या. तो दाराबाहेर पडेपर्यंत यायच्या नाहीत. प्रत्येक वेळी त्यांना तेव्हाच कशी तहान लागते, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

एकदा त्यांना घेऊन मी चौक नावाच्या जुन्या बाजारात चिकनच्या भरतकामाचे कुर्ते घ्यायला गेले. दुकानदार गादीवर कुर्त्यांचा ढीग घालत होता आणि मावशी एकेक बाजूला सारत होत्या. ह्याची जाळी ओढली गेली आहे, ह्याचा रंग धुण्यात जाईल, हा चांगला आहे पण हिच्या अंगावर मोठा होईल. मला संकोच वाटायला लागला. दुकानदार मात्र खूश होता. म्हणाला, "बहनजी, लोग तो मुँह बनाकर उठ जाते हैं। आप कम-से-कम वजह तो बताती हैं।" मावशी घरी येईपर्यंत रिक्षात ताठ बसल्या होत्या, जणू कोणी शाल-श्रीफळ दिलं होतं.

त्या हिवाळ्यात गच्चीवर उन्हात आम्ही मटार सोलत बसलो होतो. रेवाने मावशींना मोबाइलवर कार्यक्रमाखालच्या कमेंट्स दाखवल्यापासून त्या स्वतःही तिथे लिहू लागल्या होत्या. शुद्ध हिंदीत, "आदरणीय निर्णायक महोदय" अशी सुरुवात करून. वर आल्या की आधी रेवाला विचारायच्या, "कोणी उत्तर दिलं का गं?" कधी कोणी लिहायचं, "आंटी, चिल कीजिए।" मावशी तेही दोनदा वाचायच्या. मी सहज म्हटलं, "मावशी, एवढं का मनाला लावून घेता? खेळ आहे तो."

शेंग सोलता सोलता त्या म्हणाल्या, "मला बघायला यायचे ना, तेव्हा सगळे जाताना एकच सांगायचे. 'कळवतो.' मग बाबा रोज संध्याकाळी फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. कोणी कळवलं नाही. अगं, रंग आवडला नाही म्हणा, उंची म्हणा, नोकरी करते ते चालत नाही म्हणा. माणूस एकदा रडतो आणि मोकळा होतो. काहीच सांगितलं नाही, की आयुष्यभर आपणच शोधत बसतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हातातली शेंग पुढे केली. "ही किडकी आहे बघ."

आमची काही मराठी घरं मिळून विकास नगरातल्या एका हॉलमध्ये गणपती बसवायची. पुढच्या भाद्रपदात बायकांसाठी एक स्पर्धा ठेवली, जुन्या साडीतून नवं काहीतरी शिवायचं, स्वतःच्या हाताने. परीक्षक कोण, हा प्रश्न निघाल्यावर कोणीतरी हसत मावशींचं नाव सुचवलं. मावशी हसल्या नाहीत. चार दिवस त्या वर आल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "विचार करतेय. लोकांच्या मेहनतीचा प्रश्न आहे."

शेवटी त्या हो म्हणाल्या. स्पर्धेच्या संध्याकाळी सुरुवात फार छान झाली. मावशी प्रत्येकीपाशी जायच्या, कसं केलंत ते विचारायच्या, मग माईकवर सांगायच्या. हे आवडलं, ते का आवडलं. इथे कमी पडलं, ते का. बायका खुर्च्या पुढे ओढून ऐकत होत्या.

मग वहिनींची पाळी आली. वहिनी म्हणजे एका मोठ्या अधिकाऱ्यांच्या पत्नी. हॉल त्यांच्याच ओळखीने मिळायचा. त्यांनी पैठणीचा अप्रतिम गाउन आणला होता. मावशींनी गळ्याची कड बोटांनी चाचपली आणि विचारलं, "ही कड कशी वळवलीत हो?"

वहिनी हसल्या. "अहो, ते मास्टरजींना माहीत. मी फक्त डिझाइन सांगितलं."

मावशींनी माईक तोंडाजवळ नेला. "गाउन सुंदर आहे. काम उत्तम आहे. पण ते तुमचं नाही, म्हणून हा स्पर्धेत धरता येणार नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. वहिनी उठून मागच्या रांगेत जाऊन बसल्या, त्यांच्यामागे आणखी दोघी गेल्या. कोणीतरी म्हणालं, "आरतीला उशीर होतोय, आटपा."

शेवटी राहिली होती पल्लवी. बार्शीकडची मुलगी, नवरा फौजेत, लग्न होऊन नुकतीच इथल्या छावणीत राहायला आलेली. तिने इरकली साडीचं जाकीट शिवलं होतं आणि ते घालूनच उभी होती. मावशींचा चेहरा उतरला होता. त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "काठ फार छान जुळवलेत. पण डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड आहे. शिवणाऱ्याच्या हे लक्षात यायला हवं होतं."

पल्लवीने डावा हात पाठीमागे नेला. "आईची साडी होती," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिची आई लग्नाआधीच गेली होती, हे आमच्यातल्या एक-दोघींनाच माहीत होतं.

बक्षीस परकर-पोलकं शिवलेल्या एका बाईंना मिळालं. टाळ्या वाजल्या नाहीत असं नाही. पण प्रसादाच्या रांगेत मावशींच्या पुढेमागे जागा सुटत गेली, ती मी पाहिली. घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "मी कारण सांगितलं होतं."

"हो, मावशी."

"तरी रडली ती."

दोन दिवसांनी सकाळी त्या तयार होऊन वर आल्या. "छावणीत जायचंय. येतेस का?"

पल्लवीने दार उघडलं तेव्हा तिच्या हातांना कणीक होती. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मावशी पाण्याचा ग्लास हातात धरून म्हणाल्या, "बाळ, मी तुला दुखवलं."

"नाही हो मावशी. बाही आखूड होती ते मला ठाऊकच होतं की." तिने आतून साडीचा उरलेला तुकडा आणून दाखवला. मधोमध मोठा जळका डाग होता. "आई सैपाक करताना पदर पेटला होता एकदा. तेवढं आणि विरलेलं वगळून जे कापड उरलं, त्यात एवढीच बाही बसली. दुसरं कापड जोडावं असं वाटंना."

मावशींनी तो तुकडा मांडीवर घेतला. जळक्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी जगाला म्हणते, कारण सांगा. तुला विचारायचं मात्र राहिलं."

पल्लवी घाईघाईने म्हणाली, "चहा टाकते, घेऊनच जायचं."

त्यानंतर गणपतीच्या मंडळींनी मावशींना बोलावणं हळूहळू बंद केलं. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. कोजागरीचा निरोप आला नाही, मग संक्रांतीचा आला नाही. मी एकदोघींना विचारलं तर म्हणाल्या, "अय्या, राहिलं वाटतं."

नवा सीझन सुरू झाला तेव्हा मी जिन्यावरून हाक मारली. खालून उत्तर आलं, "तुम्ही बघा. माझे डोळे दुखतात." रेवा त्यांना ओढून आणायला गेली आणि एकटीच परत आली. फक्त शेवटच्या भागाला त्या आल्या. सोफ्याच्या कडेला बसल्या. परीक्षकांनी एका मुलीला पुन्हा तसंच मोघम काहीतरी सांगून हरवलं. आम्ही दोघी मावशींकडे पाहत होतो. त्यांचा हात मांडीवरून हलला नाही. रेवा हळूच म्हणाली, "मावशी, कुछ तो बोलिए।" त्या म्हणाल्या, "त्यांना काहीतरी दिसलं असेल, बेटा. आपल्याला काय माहीत."

त्याच वर्षी आमची बदली जबलपूरला झाली. निघताना मावशी फाटकापर्यंत आल्या, रेवाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ट्रक वळायच्या आत घरात गेल्या. पुढे मी फोन करायचे. वरचे नवीन भाडेकरू कसे आहेत विचारलं की म्हणायच्या, "चांगले आहेत. त्यांची टाकी कधी वाहत नाही."

त्यांच्याकडे जाणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे पल्लवी. नवऱ्याला सुट्टी असली की ती महानगरात यायची, आपण शिवलेलं काहीतरी दाखवायला. फोनवर तक्रार करायची, "ताई, मावशी सगळ्यालाच छान म्हणतात. एकदा मी मुद्दाम वाकडी शिवण घालून नेली. चष्मा लावून बघितली, बोट ठेवलं त्या जागेवर, आणि म्हणाल्या, छान झालंय."

यंदाच्या जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, मावशी झोपेतच गेल्या. घरमालकांनी पल्लवीला कळवलं आणि तिने मला. सांगलीहून भाचा निघाला होता, पण गाड्या धुक्यात अडकल्या होत्या. पल्लवीचा नवरा आणि घरमालक बाहेरची व्यवस्था करायला गेले. आत पल्लवी एकटीच होती.

तिने त्याच संध्याकाळी मला फोन केला. म्हणाली, "ताई, मी आंघोळ घातली त्यांना. कपाटातली निळी साडी नेसवली. निऱ्या सरळ केल्या, पदर नीट खांद्यावर घेतला. आणि बरोबर दिसतंय का, असं सवयीने त्यांनाच विचारायला मागे वळले, तर खोलीत कोणीच नव्हतं."