ठसक्याचं तेल

तेलाचा थेंब डाव्या तळव्यावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, हुंगायचा आणि डोळे मिटून जिभेला लावायचा. तेवढा वेळ गिऱ्हाईकही श्वास रोखून उभं राही. मग आबा डोळे उघडत आणि म्हणत, "जिबीला इचारा. जीब खोटं बोलत न्हाई."

सेलूच्या बाजारात त्यांचं घाण्याच्या तेलाचं दुकान होतं आणि समोर माझं झेरॉक्सचं. खवट तेल त्यांनी कधी विकलं नाही आणि दुसऱ्याचं खवट तेल कधी पोटात ठेवलं नाही. एका लग्नाच्या पंगतीत भज्याचा पहिलाच घास घेऊन ते यजमानाला म्हणाले, "तेल जुनं हाय बरं का." यजमान त्यांचा सख्खा साडू होता. अशी सत्यवादी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांना जेवायला बोलावताना घरातल्या बायका दोनदा विचार करतात.

आबांची एकुलती एक मुलगी तीच जीभ घेऊन जन्मली होती. दुकान मी सांभाळते, असं ती म्हणाली तेव्हा आबांनी "घाण्यावर पोरीचं काय काम?" म्हणून विषय मिटवला. ती परभणीला शिकली आणि पुढं स्पेनला, ऑलिव्हच्या तेलाच्या एका गिरणीत, तेल पारखायच्याच कामाला लागली. हंगामाचं पहिलं तेल तिनं गावाकडं येणाऱ्या मैत्रिणीबरोबर डब्यातून वडिलांना पाठवलं.

डबा माझ्या काउंटरवर उघडला. निम्मा बाजार गोळा झाला होता. तेल हिरवट, कापलेल्या गवताच्या वासाचं. आबांनी चोळलं, हुंगलं, चाखलं, गिळलं, आणि त्यांना असा ठसका लागला की मला पाण्याला धावावं लागलं. आधी कडू, मग घशात तिखट. आपल्याकडं घसा धरणारं तेल म्हणजे नासलेलं तेल.

तिथूनच त्यांनी फोन लावला. "बाई, खवट तेल देलंय तुला त्यायनी. एवढं कळंना व्हय? जीब कुठं ठिवलीस?" बाजार हसला, मीही हसलो. ते हसणं पलीकडं तिलाही ऐकू गेलं. मग ती म्हणाली, "बरं, आबा."

वाया कशाला घालवायचं म्हणून दुसऱ्या दिवशी आबांनी त्यातलं वाटीभर तेल दुकानाच्या शटरला घातलं. ते शटर म्हणजे बाजाराचा भोंगा होता, त्याच्या किंकाळीवर लोक चहा टाकत. त्या दिवसापासून ते मुकाट्यानं वर जाऊ लागलं.

काही दिवसांनी मुलीनं एक व्हिडिओ पाठवला. आबा मोबाइल घेऊन माझ्याकडं आले. माणसं झाडं हलवून हिरवी फळं जाळीवर पाडत होती, त्याच दिवशी गिरणीत नेऊन वाटत होती, तेल तापू न देता काढत होती. मग ती दिसली. निळ्या काचेचा छोटा पेला तळव्यावर धरून त्याला ऊब देत होती. तिनं घोट घेतला, तिला ठसका लागला, आणि शेजारची माणसं खुशीत हसली.

"खोकायलेत अन् हसायलेत कशापायी?" आबांनी विचारलं.

खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ते मी सांगितलं. कोवळ्या फळांचं ताजं तेल कडू लागतं, घशाला झोंबतं. ठसका हीच त्याची खूण. तेल जुनं झालं की ठसका जातो.

आबांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि तिच्या हाताकडं बघत राहिले. "मी तिच्या जिबीला नाव ठिवलं, झेरॉक्सवाले," ते म्हणाले. "ते बी समद्या बाजारात."

त्यानंतर शटर उघडताना ते मान खाली घालत. "आबा, शटर लय गुपचूप झालं," असं कुणी कौतुकानं म्हटलं तरी त्यांचा चेहरा उतरे. उरलेलं तेल त्यांनी देव्हाऱ्याजवळ ठेवलं, पण चाखलं नाही. "मला हक न्हाई," म्हणत. रविवारी मुलीचा फोन यायचा. त्याआधी ते मला येऊन सांगत, "आज बोलतोच." आणि पाऊस, करडीचा भाव, गल्लीतली मांजर एवढं बोलून फोन ठेवून देत. पहिले काही रविवार मी त्यांची चेष्टा केली. पुढं मलाच वाईट वाटू लागलं, कारण त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो. असेच दोन हंगाम गेले.

आबांची छाती दुखायला लागली, त्याच सुमारास एका रविवारी ते देव्हाऱ्याजवळचा तो डबा आणि चमचा घेऊन माझ्या दुकानात आले. "तोंड दिसंल असा फोन लावा."

मुलगी पडद्यावर आली. आबांनी चमचाभर तेल तोंडात घेतलं, गिळलं आणि खोकले. जोरजोरात, पुन्हा पुन्हा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"बाई, लय चांगलं हाय तुजं तेल," ते म्हणाले. "माजीच जीब चुकली."

"ठसका लागला ना, आबा?" ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

पावसाळ्याच्या आत आबा गेले. मुलगी दुकान आवरायला आली तेव्हा तो डबा तिच्या हाती लागला. तिनं थेंब तळव्यावर घेतला, चोळला, हुंगला, डोळे मिटून जिभेला लावला. मी सवयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"कवाच खवट झालंय हे, काका. त्या रविवारी बी यानं ठसका लागला नसंल."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"आबांना खोटं खोकता येत न्हवतं," ती म्हणाली. मग तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि ते खवट तेल परत स्पेनला न्यायला आपल्या पिशवीत ठेवलं.