म्हैस दूध चोरते

सकाळपासून राजलक्ष्मीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तिनं लिहिलेल्या पहिल्याच सिनेमाचं शूटिंग भिगवणजवळच्या एका गोठ्यात चाललं होतं आणि बघायला अर्धं गाव लोटलं होतं.

बारामतीच्या एका दवाखान्यात ती बरीच वर्षं समुपदेशक होती. मन मोकळं करायला आलेली माणसं आधी मनाचं सोडून सगळं बोलतात, हे ती तिथं शिकली. कुणी पाटाच्या पाण्याचं बोले, कुणी गुडघ्याचं. आपण एक प्रश्न विचारून गप्प बसायचं. मग हळूहळू खरं ते वर येतं. त्या माणसांची एकही गोष्ट तिनं सिनेमात घेतली नव्हती. घेतलं होतं ते फक्त गप्प बसणं.

आणि दिग्दर्शक दीपकला नेमकं तेच नको होतं.

"अहो ताई, म्हैस पान्हा सोडत नाही, नवरा म्हणतो, म्हैस दूध चोरतीया. बायको विचारते, आन तुमी? आणि पुढं नुसती शांतता! लोक उठून जातील. एक चांगलं रडवणारं भाषण टाका की."

"भाषण दिलं तर तो माणूस खोटा वाटेल. एकदा करून तर बघा. नाही जमलं, तर मीच भाषण लिहून देते."

ती बोलून गेली खरी, पण सगळा सिनेमाच त्या शांततेवर उभा होता.

कॅमेरा सुरू झाला. नवरा झालेला ऋषिराज म्हशीच्या कासेजवळून उठला. रिकामी चरवी त्यानं पालथी घातली.

"म्हैस दूध चोरतीया."

"आन तुमी?" बायको झालेल्या नटीनं विचारलं.

ऋषिराज दाव्याशी चाळा करत राहिला. म्हैस रवंथ करत होती. गर्दीत कुणी खोकेना. राजलक्ष्मीनं ओढणी मुठीत आवळली.

तेवढ्यात मासळी विकणारी साखरबाई डोक्यावरची पाटी सावरत ओरडली, "आरं बोल की बाबा! इचारतीया न्हवं ती! आतल्या आत किती कुढशील?"

"कट!" दीपकनं कपाळाला हात लावला. "मावशी, घालवला की शॉट!"

साखरबाईनं जीभ चावली. "खोटं हाय ह्ये ध्यानातच न्हाय राह्यलं बग."

सगळा गोठा खदखदून हसला. दीपक मात्र तिच्याकडं बघतच राहिला. मग राजलक्ष्मीकडं वळून म्हणाला, "ताई, भाषण राहू द्या. असंच पुन्हा घेऊ."

राजलक्ष्मीला टाळ्याच पिटाव्याशा वाटल्या.

"पर शेवटी बोलतो का न्हाय त्यो?" साखरबाईनं विचारलं.

"बोलतो, मावशी. पण त्याच्या सवडीनं."

"मग थांबते मी," म्हणत साखरबाईनं पाटी खाली उतरवली आणि ती सगळ्यांच्या पुढं येऊन बसली.