मिनाज आणि कस्तुराबाईंची तार

ईट गावच्या माळावरची अँटेना सूर्याकडे लक्ष ठेवण्यासाठी उभी केली होती. दिवाळी सरली तरी ती ऐकत होती दुसरंच काहीतरी.

मिनाज शेख भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पुण्याच्या एका खगोलभौतिकी संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून लागली होती. सूर्यावर स्फोट झाला की रेडिओ लहरी येतात. त्या टिपायला शहराच्या गोंगाटापासून लांब जागा हवी होती. "आमच्या ईटला लावा. तिथं आवाज करणारं काही नाही," असं भर बैठकीत मिनाजच बोलली होती. संस्थेनं ऐकलं. आणि आता संगणकाच्या पडद्यावर उभ्या रेघा उमटत होत्या. सेकंदाला एक, दिवसभर. सूर्याच्या लहरी त्यांच्यामागं बुडाल्या होत्या.

"सोमवारी समिती बसतेय," प्रकल्पाच्या प्रमुख मोनिका मॅडम फोनवर म्हणाल्या. "रविवारची नोंद स्वच्छ आली तर ठीक. नाहीतर अँटेना हलवावी लागेल."

एकदा हललेली अँटेना ईटला परत येणार नव्हती.

इतक्या नेमानं सूर्य बोलत नाही, यंत्र बोलतं. मिनाजनं गिरणी तपासली, बोअरचे स्टार्टर तपासले. शनिवारी सकाळी गावची वीज गेली आणि रेघा तशाच राहिल्या. म्हणजे यंत्र बॅटरीवरचं. तेव्हा तिला लख्ख कळलं. रानडुकरांसाठी बांधाबांधावर लावलेलं झटका मशीन तारेत सेकंदाला विजेचा एकच ठोका सोडतं. लहानपणापासून रोज पाहिलेली ही तार बैठकीत तिला आठवलीच नव्हती.

तिनं वडिलांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून पक्कड घेतली आणि जुना ट्रान्झिस्टर उचलला.

"एवढं शिकून रानात गाणी ऐकत फिरणार व्हय?" आयुबभाईंनी विचारलं.

"गाणी नाही अब्बा, खरखर ऐकणार."

दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवून ती बांधाबांधानं निघाली. बहुतेक मशिनं दिवसा बंद होती. ओढ्याच्या अलीकडं मात्र ट्रान्झिस्टर टक्, टक् बोलायला लागला. आवाज वाढत वाढत थेट कस्तुराबाईंच्या मक्याच्या तारेपाशी पोचला. कस्तुराबाई म्हशीला पाणी पाजत होत्या.

"मावशी, मशीन दिवसा पण चालू असतं?"

"व्हय. रात्री डुकरं, दिवसा तुज्या चुलत्याची शेरडं. दोघांस्नी एकच भाषा कळती."

"उद्याचा दिवस बंद ठेवता? सूर्याची नोंद घ्यायचीय."

"सूर्याची?" कस्तुराबाईंनी वर बघितलं. "त्यो काय पळून चाललाय? पवनचक्कीवाले बी असंच गोड बोलत आले हुते. आज मशीन बंद कर म्हणशील, उद्या तार काढ म्हणशील. न्हाय जमायचं."

मिनाज वळली आणि थांबली. मशीन बंद ठेवून एक रविवार निभला असता. सोमवारी रेघा परत आल्या असत्या.

"मशीन लावल्यापासून डुकरं थांबली का?" तिनं विचारलं.

कस्तुराबाईंनी बादली खाली ठेवली. "ओढ्याकडनं येत्यात. दुकानदारानं मशीनच हलकं दिलंय मेल्यानं."

"मशीन चांगलं आहे. हे ऐका." मिनाजनं ट्रान्झिस्टर तारेजवळ धरला. "टक् होतंय तिथं झटका गळतोय, ठिणगी पडतेय. तीच माझ्या अँटेनेत ऐकू येते. तारेला गवत चिकटलंय, गाठी गंजल्यात. ओढ्यापर्यंत पोचायला उरणार काय? थोडा वेळ बंद करा. मी गवत काढते, गाठी नव्या मारते. मग दिवसरात्र चालू ठेवा."

"आन् न्हाय जमलं तर?"

"तर उद्या शेरडं मी हाकलते."

कस्तुराबाई हसल्या आणि मशीनचं बटण दाबायला गेल्या.

काम वाटलं त्याहून लांबलं. तारेनं मिनाजची बोटं सोलली. आधी नुसत्या बघत बसलेल्या कस्तुराबाई नंतर खुरपं घेऊन उतरल्या. सूर्य कलल्यावर मशीन चालू केलं, तरी कोपऱ्यातल्या खांबापाशी टक् होतंच. तिथला इन्सुलेटर तडकला होता. मिनाजनं तिथं पाइपाचा तुकडा घातला आणि तार पुन्हा ताणली. ट्रान्झिस्टरमध्ये नुसती खरखर राहिली.

"मशीन बंद पडलं की गं!" म्हणत कस्तुराबाईंनी ओढ्याकडच्या तारेला हिरवी काडी लावली आणि टुणकन मागं उडी मारली. "आगं आई गं!"

"चालू आहे," मिनाज म्हणाली.

रविवारी पडदा मोकळा होता. दुपारी त्यावर एक रेघ आली. ती उभी नव्हती, तिरकी होती, सूर्याच्या स्फोटाची असते तशी. सोमवारी संध्याकाळी मोनिका मॅडमचा फोन आला.

"अँटेना राहील. पण पुढच्या पावसाळ्यात गवत परत वाढणार, मिनाज."

"परत काढू."

फोन ठेवून ती पडद्याकडं वळली. त्यावर एक बारीक उभी रेघ उमटत होती; संध्याकाळी आणखी कुणाचं तरी मशीन सुरू झालं होतं. दारात कस्तुराबाई उभ्या होत्या. रात्री डुकरं आली नव्हती, तेच सांगायला आल्या होत्या.

"ही कुणाच्या तारेची?" त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

"माळापलीकडच्या उत्तरेश्वर काकांच्या, बहुतेक."

"त्यो तुझं ऐकायचा न्हाय. मी येते सकाळी. रेडिओ तेवढा घे."