लूमवाल्याचा दोरा
जळक्या रबराचा वास आला की मला सुरतमधलं माझं पहिलं गॅरेज आठवतं, पत्र्याखालचं, मे महिन्यात भट्टीसारखं तापणारं. नव्वदच्या दशकात गाडीचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं लोकांना वेडच लागलं होतं. एका कापडवाल्या शेठच्या गाडीला मी तसं इंजिन बसवलं आणि तिचा एसी रुसला. पाच मिनिटं थंड वारा यायचा, मग पट्टा किंचाळायचा आणि नुसती गरम हवा. मी दोनदा गॅस भरला, पट्टाही बदलला, पण व्यर्थ. "काले न थाय तो गाडी लई जईश," असा उद्यापर्यंतचा दम देऊन शेठ गेले. दुसऱ्या दुपारी जवळच्या कडोदऱ्याहून वडील माझा डबा घेऊन आले. त्यांचा जन्म कापड विणायच्या लूमवर गेलेला, गाडीतलं त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं. त्यांनी वाकून पाहिलं, खिशातून सुताचा दोरा काढला आणि इंजिनच्या पुलीपासून एसीच्या कॉम्प्रेसरच्या पुलीपर्यंत ताणून धरला. कॉम्प्रेसरच्या पुलीपाशी दोऱ्याखाली अर्ध्या बोटाची फट दिसली. ते आपल्या बोलीत म्हणाले, "पट्टा तिरपा पळी राह्यना, भाऊ. लूमवर बी आसंच व्हस." पट्टा सरळ पळावा म्हणून मी कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटमागे वायसरच्या चकत्या टाकल्या आणि एसी गारेगार झाला. संध्याकाळी शेठ खुशीत म्हणाले, "फॉल्ट कोणे पकड्यो?" मी पटकन "में" म्हणालो. वडील शेजारीच उभे होते. त्यांनी दोरा बोटाला गुंडाळून खिशात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "आते तरी जेवी ले." पुढे काही वर्षांनी ते वारले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तो दोरा सापडला. पुली मी अजून त्यानेच बघतो, आणि कुणी न विचारताच गिऱ्हाइकाला सांगतो, ही माझ्या वडिलांची रीत.