तिनं सही केली नाही

आज सकाळी चंद्रकला गेली आणि दुपारपर्यंत लोकांनी तिची मूर्ती करून टाकली.

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर मीही वाचला. सेवाभावी सिस्टर. ममतेचा झरा. 'अज्ञानी आदिवासी भगिनींसाठी आयुष्य वेचलं.'

हा मजकूर लिहिणाऱ्यांत तिच्या विद्यार्थिनी आहेत.

मला राग आला आहे, म्हणून लिहिते आहे. रडायचं नंतर बघू.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी गडचिरोलीत एका घरात भाड्यानं राहायचो. जिल्हा नवा होता. मी कॉलेजात मराठी शिकवायचे, ती नर्सिंगच्या मुलींना. मूल गावची, बौद्ध घरातली, भावंडांत पहिली मॅट्रिक. मुंबईला जाऊन एम.एस्सी. नर्सिंग करून परत आलेली.

परत का आलीस, असं विचारलं तर म्हणायची, "तिथी मले कोणी चंदाबाई म्हणत नाई."

तिला पीएच.डी. करायची होती. नर्सिंगमध्येच.

विद्यापीठात तशी पीएच.डी. नव्हती. मेडिकलवाल्यांनी सांगितलं, नर्सनं ऑर्डर पाळायच्या, संशोधन डॉक्टर करतात. समाजशास्त्रवाले म्हणाले, हा विषय मेडिकलचा. एका भल्या माणसानं होम सायन्स सुचवलं.

माझीही पीएच.डी. तेव्हाच चालू होती. कवितेवर. मला पगारी रजा मिळाली.

तिच्या अर्जाला तोंडी उत्तर मिळालं. नर्सला कसली स्टडी लीव्ह?

मग ती सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं जायची, आलापल्लीच्याही पुढे. कंडक्टर चिडवायचा, "काऊन सिस्टर, आज कोणाची तारीख?"

तारीख हाच तिचा विषय होता.

गर्भार बाई तपासायला आली की शेवटच्या पाळीची तारीख लिहून घेतात. तिच्यावरून बाळंतपणाचा दिवस काढतात. जंगलातल्या गावांच्या नोंदवह्यांत त्या रकान्यात एकच उत्तर असायचं. माहीत नाही. पानंच्या पानं.

एकदा मीही तिच्याबरोबर गेले होते. एका शिकाऊ मुलीनं माडिया बाईला तारीख विचारली. बाईनं नकारार्थी मान हलवली. मुलगी 'माहीत नाही' लिहायला लागली, तशी चंदानं तिच्या हातातला पेन काढून घेतला. आपल्या मोडक्यातोडक्या गोंडीत तिनं बाईला विचारलं, तेव्हा कोणतं काम सुरू होतं?

बाईनं लगेच सांगितलं. तेंदूची फळी लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी.

फळी म्हणजे तेंदूपानं विकत घेतात ती जागा. ती कोणत्या दिवशी सुरू झाली, हे वनखात्याच्या कागदात असतं. चंदा आलापल्लीला गेली आणि तारीख उतरवून आणली. पुढे दिवस भरायच्या सुमारास पुन्हा त्या गावात गेली.

बाळ तिनं काढलेल्या आठवड्यातच झालं होतं.

पीएच.डी.च्या नोंदणीची वाट न बघता तिनं हे गावोगाव केलं. मोह वेचणं, धानाची रोवणी, कापणी. बाईनं सांगितलेला दिवस, कागदातला दिवस, बाळंतपणाचा दिवस. मी कवितेच्या ओळींखाली रेघा मारत असायचे आणि समोर बसून ती हे तीन रकाने भरायची.

शेवटी एक डॉक्टर गाइड व्हायला तयार झाले. विद्यापीठात मुलाखतीला तिच्यासोबत मी गेले, गाइड आले नाहीत. मी बाहेर बाकावर. आत तिला विचारलं गेलं की हा विषय तुमचा की डॉक्टरसाहेबांचा, आणि आकडेमोड कोण करून देणार.

महिनाभरानं पत्र आलं. विषय मंजूर. शीर्षक मात्र बदललेलं.

'आदिवासी गर्भवती स्त्रियांचे स्वतःच्या शरीराविषयीचे अज्ञान : एक अभ्यास.'

तिनं पाठवलेल्या शीर्षकात 'ज्ञान' होतं.

मान्य असल्यास सही करून परत पाठवावे.

मी म्हटलं, "सही कर. एक शब्द तर आहे. आत तुला हवं ते लिही."

हे मी म्हटलं. एकेका शब्दावर प्रकरणं लिहिणारी मी.

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"वर अज्ञान लिहू, अन् खाली त्यायले माहीत हाय म्हणून लिहू?"

"डिग्री तर मिळेल, चंदा."

"त्या बायायनं मले इश्वासानं सांगतलं. तू मराठीची मास्तरीण ना? लाज नाई वाटत?"

वाटली. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच सांगितलं. गाइडनीही तेच सांगितलं. सगळ्या शहाण्या माणसांनी तेच सांगितलं.

तिनं त्याच पत्राच्या पाठीवर एक ओळ लिहिली. हे शीर्षक खोटे आहे. आणि पोस्टात टाकलं.

गाइडनी अंग काढून घेतलं. नोंदणी झालीच नाही. पुढे नर्सिंगमध्ये पीएच.डी. सुरू झाली, तेव्हा तिला सांगितलं गेलं की आता तुमचं वय बसत नाही.

ती शिकवत राहिली. त्या रकान्यात 'माहीत नाही' दिसलं की मुलीची वही परत यायची. "बाईले माहीत नाई, का तुले इचारता येत नाई?"

एक विनंती. खाली कमेंटमध्ये तिला 'आमच्या मनातली डॉक्टर' म्हणू नका. मनातली पदवी देणं फार स्वस्त असतं.

तिला पदवी मिळाली नाही. खरं शीर्षक घेऊन गेली म्हणून मिळाली नाही. ज्यांनी नाकारली ते सन्मानानं रिटायर झाले. जी तिला खोट्यावर सही कर म्हणत होती, ती आज नावाआधी डॉक्टर लावते.

हे असंच घडलं. ते असंच लिहिलेलं राहू दे.

उद्या सकाळी दहाला मूलच्या घरून अंत्ययात्रा निघेल. मी येते आहे.

चंदा, जयभीम. हा शेवटचा.